जाधवकाकांची अट

आमचे शेजारी जाधवकाका गुडघ्याला कॅमेरा बांधून भाजी आणायला जातात. म्हणजे गेले होते एकदाच, पण छावणी बाजारात त्यांची ओळख अजून तीच आहे. कोथिंबीरवाल्या बाईंनी काळजीनं विचारलं होतं, हाड मोडलं का म्हणून. काका म्हणाले, नाय हो, सिनेमा चाललाय. बाईंना ते जास्तच गंभीर वाटलं असावं. त्यांनी जुडी जरा मोठी दिली.

त्या सिनेमाची अट होती, गुडघ्याच्या वरचं काही दिसायचं नाही. काकांच्या प्रत्येक सिनेमाला अशी एक अट असते आणि ती ते स्वतःच स्वतःला घालतात. "आधी अट बोला," हे त्यांचं पालुपद. कुठला कॅमेरा घेऊ असं कुणी विचारलं तरी हेच उत्तर. मी शाळेत चित्रकला शिकवते हे कळल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं, तर पोरांना रंग किती देता. सगळे देते म्हटल्यावर बिचारे हळहळले.

हयातभर त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. तिथं कशाला म्हणून मनाई नव्हती. नवरीच्या डोळ्यांतून गुलाब उमलायचे, नवरदेव ढगांतून उतरायचा, वऱ्हाडी बदामाच्या आकारात जेवायचे. सगळंच करता येत होतं म्हणून काहीच दिसत नव्हतं, असं ते सांगतात. दुकान बंद केलं तेव्हा एक जुना कॅमेरा तेवढा ठेवून घेतला आणि अटी सुरू झाल्या.

सिनेमा दाखवायचा तो दुपारी, त्यांच्या पुढच्या खोलीत. खिडक्यांना चादरी लावून, भिंतीवर. प्रेक्षक म्हणजे मी, माझा नवरा आणि काकांच्या पत्नी मंदाकाकू. गुडघ्याच्या सिनेमाला मी मनातून हसतच गेले होते. भिंतीवर पायच पाय. त्यात एका म्हाताऱ्या माणसाच्या चपला दुकानाच्या पायरीशी यायच्या, थांबायच्या, परत फिरायच्या. चेहरा कुठंच नाही, तरी तो माणूस किती भिडस्त आहे ते मला कळलं. घरी जाताना मी नवऱ्याच्या पावलांकडे बघत जिना चढले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ती पावलं कशी पडतात ते मला ठाऊकच नव्हतं.

मग आम्ही चौघं अजिंठ्याला गेलो. फर्दापूरला उतरतानाच काकांनी जाहीर केलं, लेण्यांतलं एकही चित्र घ्यायचं नाही. काकूंनी कपाळाला हात लावला. "एवढ्या लांब काय उन्हात बसायला आलोत का आपण?" काका खरोखरच एका लेण्याबाहेर उन्हात बसले आणि आतल्या अंधारातून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे तेवढे टिपत राहिले.

नंतर ते भिंतीवर पाहिलं. माणसं बाहेर येत होती, डोळे मिचकावत, आपण कुठं आलो हेच क्षणभर न कळल्यासारखी. पोट सुटलेली, वैतागलेली, कुणाच्या कडेवरची. सगळी नुकतीच जन्मल्यासारखी. आतलं चित्र एकही नव्हतं, पण ते पाहून आलेली नजर होती. काकू म्हणाल्या, लई छान हाय हो हे.

गेल्या वर्षी काचबिंदूनं काकूंची दृष्टी गेली. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही. काकांनी कॅमेरा कपाटात टाकला. हिला दिसत नाही तर दाखवू कुणाला, एवढंच म्हणाले. कपाट काही उघडेना. शेवटी काकूंनीच फर्मावलं की नवा सिनेमा करायचा, आणि यावेळची अट त्या घालणार. चित्र नको, नुसता आवाज. शिवाय काकांच्या तोंडाचा पट्टा माहीत असल्यामुळं, त्यांचा आवाज एकदाही यायचा नाही.

नेहमीसारख्या चादरी लावल्या. भिंतीवर नुसता काळोख, आणि त्यात त्यांच्या घराचा एक दिवस. छावणीतला बिगुल, पायरीवर पडलेला पेपर, तडतडणारी मोहरी, काकूंच्या बांगड्या. काकू पुढे झुकून एकेक ओळखत होत्या. मीही डोळे मिटले, तर ते घर इतकं स्वच्छ उभं राहिलं, की रोज जाऊनही मी ते कधी पाहिलं नव्हतं असं वाटलं.

मध्येच नळ सुरू झाला. खाली बादली नाही, भांडं नाही. मोरीत नुसतं पाणी पडतंय, पडतंय. माझा नवरा कुजबुजला की काही बिघडलंय वाटतं. मग नळ बंद झाला आणि चहाचे कप वाजले.

सिनेमा संपल्यावर काकूंनी चाचपडत काकांचा हात धरला.

"नळ सोडून रडत होता, व्हय?"

काका म्हणाले, "माझा आवाज यायचा नाही, असं तूच म्हणाली होतीस."

"मला आला," काकू म्हणाल्या.

मी खिडकीची चादर काढायला उठले होते. तशीच खाली बसले.