मथुराबाईंच्या डोक्याची जाहीर सभा

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात, तारकर्लीच्या वाटेवरच्या एका प्राथमिक शाळेतील शिक्षिका मथुराबाई यांनी वरच्या कार्यालयास अर्ज केला. महिन्यातून दोनतीनदा आपल्याला अर्धशिशी उठते, त्या वेळी उजेड, आवाज आणि वास सोसत नाहीत; तरी अशा दिवशी दोन तास शाळेच्या नकाशांच्या खोलीत दार लावून पडण्यास परवानगी असावी, एवढाच मजकूर होता.

खोलीत तीन नकाशे, आस मोडलेला पृथ्वीचा गोल आणि एक चटई होती. खिडकी नव्हती, हाच तिचा मोठा गुण.

अर्जात न लिहिलेले पुष्कळ होते. आधी डोळ्याच्या कडेला उन्हात लखलखणारे पाणी दिसू लागे आणि फळ्यावरची अर्धी अक्षरे त्यात बुडत. मग होडीला खिळे ठोकावेत तसे उजव्या कानशिलात ठोके सुरू होत. मग ओकारी. सगळे संपले की चेहरा होता तसा. त्या चेहऱ्यानेच बाईंचे नुकसान केले होते.

"ताप असता तर थर्मामीटर लावून लिहून दिलं असतं," हेडमास्तर भिकाजी गुरुजी कळवळून म्हणाले. "ह्याला लावायचं काय?"

शेजारच्या हौसाबाई कळवळण्यातल्या नव्हत्या. "डोक्याचा काय घेऊन बसलंस गो? माका चार पोरां झाली, पण माका डोक्या आसा ह्या आजून कळूक नाय!"

दीड महिन्याने उत्तर आले. सदर विकार मान्य विकारांच्या यादीत नाही. जनतेस त्याची माहिती नसल्याने सवलत दिल्यास गैरसमज पसरण्याचा संभव आहे. सबब प्रथम जनजागृती करून अहवाल पाठवावा. तदनंतर खोलीचा विचार करता येईल. खाली वेगळ्या शाईत शेरा होता: अर्धेच डोके दुखत असल्यास पूर्ण दोन तास का लागतात, याचा खुलासा व्हावा.

गावातील विहीर, बंदर आणि भजन या तिन्ही समित्यांचे अध्यक्ष, नारळाचे व्यापारी हरिश्चंद्रशेठ यांना हे कळताच त्यांनी चौथी समिती काढली. सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्यांकडून पुरुषभर उंचीचे लाकडी डोके करवून आणले. डावी बाजू हसरी, उजवी रडकी. मागची दोरी ओढली की उजवा डोळा गरगर फिरे.

सभा भर दुपारी, वाळूवर ठरली. रुग्णाला ऊन सोसत नाही हे उन्हाशिवाय लोकांना कळणार कसे, हा अध्यक्षांचा मुद्दा बिनतोड होता. त्याच न्यायाने आवाजासाठी ढोल आणि कर्णा आला. वासासाठी उदाची शेगडी पेटली. सुकत घातलेले बांगडे शेजारी होतेच.

"शेठ, मी घरी राहिले तर नाही का चालणार?" मथुराबाईंनी विचारले.

"बाई, हे सगळं चाललंय कुणासाठी? नवरीशिवाय लग्न लागतं का? आणि अहवालात रुग्णाची सही लागते."

सहीशिवाय अहवाल नाही, अहवालाशिवाय खोली नाही. एक दुपार सोसू, मग ती चटई कायमची आपली, असा हिशेब करून बाई गेल्या.

त्यांना लाकडी डोक्याशेजारी खुर्ची दिली होती. ढोलाच्या दुसऱ्या टिपरीला पाणी लखलखू लागले. समोर खरोखरच समुद्र होता, त्यामुळे कोणते पाणी कुठले, हे त्यांना काही वेळ उमगेना. ते ठोक्यांनी सांगितले.

लोक पुढे येऊन दोन्ही डोकी न्याहाळत होते.

"बायच्या तोंडार तर काय दिसना नाय."

"ह्या लाकडाच्याक बघ. ह्येका खरा दुखता!"

मग परशुराम गावकर नारळ घेऊन गाऱ्हाणे घालायला उभे राहिले. त्यांच्यापुढे कर्णा धरण्यात आला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सहाशे गळे एकदम म्हणाले.

"ह्या लेकराच्या कपाळार जी काय पीडा बसली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक "व्हय" कानशिलात एकेक खिळा होऊन शिरत होता. बाईंनी कसाबसा हात उचलला. "तात्या, जरा हळू..."

परशुराम थांबले. "हळू सांगल्यार देवाक ऐकाक कसा येतला गो बाय? काम तुझाच मा?" आणि मध्येच बोलणे झाल्यामुळे गाऱ्हाणे मोडले होते, ते पहिल्यापासून सुरू करावे लागले.

दुसऱ्या खेपेला बाईंना ओकारी झाली.

"लोकहो, हेच ते!" अध्यक्ष आनंदाने ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. "शांतता! रुग्णाला शांतता हवी!" हे त्यांनी कर्ण्यातून तीनदा सांगितले, दर खेपेला आधीहून मोठ्याने.

अहवाल गेला: उपस्थिती सहाशे बारा, ओकारी एक. रुग्णाची सही थोडी वाकडी आली होती, ती ग्राह्य धरण्यात आली.

या वेळी उत्तर आठ दिवसांत आले. जागृती समाधानकारक असल्याने समिती कायम करण्यात येत आहे. समितीच्या कचेरीसाठी शाळेतील नकाशांची खोली मंजूर.

खोलीत लाकडी डोके, ढोल आणि कर्णा ठेवण्यात आले. डोके लोकांना रस्त्यावरून दिसावे म्हणून भिंत फोडून मोठी खिडकी पाडण्यात आली. चटई अध्यक्षांच्या खुर्चीखाली गेली.

पुढच्या वेळी ठोके सुरू झाल्यावर मथुराबाई भिकाजी गुरुजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, आता कशाला काळजी? आता सगळ्यांना माहीत आहे."

खोलीत लोकांच्या सूचनांसाठी एक पेटीही ठेवली आहे. ती रोज भरते. पहिली चिठ्ठी हौसाबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेऊन टाकली: सूर्य उगवायच्या आत दुधातून जिलबी. मग सुंठेचा लेप, नाकात तूप, कपाळाला चुना. दोन तास काळोख द्या, असे एकाही चिठ्ठीत नाही.

हे वाचता वाचता तुम्हालाही एखादा उपाय आठवला असेल, तुमच्या मावशीला हटकून लागू पडलेला. जरूर टाका पेटीत. खोली सापडायला सोपी आहे. दारातल्या पायरीवर मथुराबाई डोळ्यांवर पदर ओढून बसलेल्या असतात. त्यांना ओलांडून आत जायचे.