आबांच्या चूर्णातलं शिसं

आबांचं चूर्ण आपण एका दिवसात बंद करून दाखवू, अशी सूनबाईने नवऱ्याशी पैज लावली. निवृत्त झाल्यापासून तिचे सासरे रोज खलबत्त्यात मुळ्या कुटत आणि तिच्या डोकेदुखीवर चमचाभर चूर्ण स्वतःच्या हाताने देत. ते इतकं कडू, की दुपारच्या चहालाही त्याचीच चव! पण एवढ्या मायेने देणाऱ्याला नको म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. ते काम यंत्राने करावं, असा तिचा बेत होता.

ती औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. चिमूटभर चूर्ण तिने आम्लात शिजवलं, त्यात इलेक्ट्रोड बुडवले आणि विजेचा दाब हळूहळू बदलत नेला. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या दाबाला उसळी घेतो आणि पडद्यावरच्या रेषेला टेकाड येतं. टेकाड जितकं उंच, तितका धातू जास्त. शिशाच्या जागी रेषा जी उठली, ती पडद्याबाहेरच गेली! सूनबाईला खुर्चीत बसवेना.

आबा हुज्जत घालतील म्हणून ती तयारीनिशी घरी आली. आबांनी हुज्जत घातलीच नाही. "आणि हे मी तुला रोज देत होतो?" एवढंच म्हणाले आणि बरणी कचऱ्यात रिकामी केली. मग दारोदार जाऊन शेजाऱ्यांना दिलेल्या पुड्या परत मागून आणल्या. खालच्या शिंप्याला ऐकताक्षणी चक्कर आली. वरच्या मास्तरांचा गुडघा लहानपणापासून दुखत होता, तोही आता चूर्णामुळेच दुखतोय असं ठरलं. आबा भूक नाही म्हणून पानावरून उठले. सकाळी रिकामे हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. नवऱ्याने पैज हरल्याचं कबूल केलं, पण सूनबाईला भारी वाईट वाटत होतं.

टेकाड जरा तरी बुटकं निघावं म्हणून तिने पुन्हा तपासणी केली. या वेळी रीतसर आधी त्याच भांड्यात नुसतं आम्ल तपासलं. काल घाईत तिने तेच गाळलं होतं. चूर्णाचा कण नाही, तरी टेकाड तेवढंच! त्या भांड्यात परवा तिनेच शिशाचं द्रावण कालवलं होतं आणि ते नुसतं पाण्याने विसळून ठेवलं होतं. नीट धुतलेल्या भांड्यात, काल उरलेल्या चूर्णाची रेषा सपाट आली.

आता मूग गिळून गप्प बसलं, की जन्माची सुटका. घरी येईपर्यंत तिने गप्प बसायचं पक्कं केलं. आबांनी दार उघडलं आणि सवयीने विचारलं, "डोकं कसं आहे?"

"आबा, चूर्ण स्वच्छ आहे. शिसं माझ्या भांड्यात होतं. चुकलं माझं."

 आबांचा चेहरा उजळला आणि लगेच काळजीने आक्रसला.

"म्हणजे ज्या भांड्यांत तू दिवसभर हात घालून बसतेस, त्यांत शिसं?"

"असतं थोडं, आबा."

"मग एका वेळेने काय होणार? आजपासून सकाळ-संध्याकाळ घ्यायचं."