टोचीची अर्धी नदी

एका जंगलात, बाळांनो, सगळे आईबाप भारी न्यायी होते. निदान सभेत तरी.

जंगलाच्या कडेला नदी होती. नदीपलीकडे आंबे, फणस, नुसती चंगळ. ज्याला पोहता येई, तो तिकडे मजेत राही. बाकीचे अलीकडे मुळं उकरत बसत. पोहायला शिकवायचे कासवगुरुजी, तेही एका वेळी एकाच पिल्लाला पाठीवर घेऊन. पाठ एक, पिल्लं ढीगभर.

मग कोल्हीणबाईंनी सभेत ठराव मांडला, की वाघाचं असो वा उंदराचं, प्रत्येक पिल्लाला सारखी पाळी. टाळ्याच टाळ्या! कोल्हीणबाईंना तर स्वतःच्याच भाषणाने रडू आलं.

डोळे पुसून त्या आपल्या लेकाला घेऊन थेट पाणमांजराच्या डबक्यावर गेल्या. तिथे खासगी शिकवणी चाले. फी रोज एक मासा. बघतात तर काय, अख्खी सभा तिथे हजर! अस्वलीण म्हणाली, आपण सहज पाय मोकळे करायला आलो. हरणीने पाणी प्यायचं निमित्त सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघून गोड हसले. डबक्यात एवढी गर्दी, की पिल्लांना शेपूट भिजवायलाही जागा मिळेना.

साळूबाई साळिंदरीण मात्र गरीब. तिला मासा परवडेना. तिची टोची तेवढी गुरुजींकडे राहिली. मग काय, गुरुजींची पाठ दिवसभर तिचीच! बघता बघता टोची अर्ध्या नदीपर्यंत पोहू लागली.

ते पाहून कोल्हीणबाईंचं पित्त खवळलं. एकाच पोरीला रोज पाठ? मग समता कुठे गेली? त्यांनी सगळी पिल्लं डबक्यातून ओढून आणली आणि टोचीला रांगेत शेवटी उभं केलं. पोर काटे मिटून उभी राहिली. तिची पाळी यायला आता वर्ष लागणार होतं.

साळूबाईने हात जोडले. "बाई, पोरीची अर्धी नदी राहिलीय हो. मधेच बुडेल ती."

"आमच्या पोरांची अख्खी राहिलीय," कोल्हीणबाई म्हणाल्या. "मग जास्तीचं कोणाला मिळालं, तूच सांग."

साळूबाईला उत्तर सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण ते लहान मुलांसमोर बोलण्यासारखं नाही.

तात्पर्य: समतेवर श्रद्धा जरूर ठेवावी. मात्र दुसऱ्याचं पोर पुढे गेलेलं दिसेपर्यंत समतेला उगाच त्रास देऊ नये.