सत्कारासाठी सोडलेलं पाणी

"कार्यक्रम करावा तर आपण! बाकीचे नुसत्या खुर्च्या मांडतात!"

हे वाक्य नियोजनकाका दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि ऐकायला कुणी नसलं तर आरशाला ऐकवत. गल्लीत त्यांचं खरं नाव आता कुणालाच आठवत नव्हतं. नोकरीत असताना कचेरीतल्या प्रत्येक निरोप समारंभाचं नियोजन त्यांच्याकडे असायचं. जांभया देण्यापलीकडे ज्याने खुर्चीत बसून काही केलं नाही, अशा कारकुनाला त्यांनी 'कार्यतत्पर' असं कोरलेलं सन्मानचिन्ह देऊन निरोप दिला होता. त्या कारकुनाचेसुद्धा डोळे भरून आले होते! आता बोला!

निवृत्त झाल्यावर मात्र काकांच्या हाताला काम उरलं नाही. काकूंचं नेमकं उलट. वस्तीच्या मागे एक पाणथळ होती. उथळ पाणी, उंच लव्हाळी आणि मध्ये छोटीशी बेटं. काकू, दवाखान्यातल्या नर्सबाई, कोपऱ्यावरचे शिंपीमामा आणि त्यांच्यासारखी आणखी काही मंडळी रोज सकाळी तिथे हजर. पाण्यातला कचरा उपसायचा, भराव टाकायला आलेले ट्रक आल्या पावली परत पाठवायचे, ओढ्याचं तोंड मोकळं ठेवायचं. पाणी वाहून जाऊ नये म्हणून सांडव्याच्या खाचेत मंडळींनी लाकडी फळ्या बसवल्या होत्या. त्या फळ्यांवर त्यांचा पोटच्या पोरांइतका जीव!

"त्या चिखलात काय सोनं पुरलंय का गं?" काका चिडवायचे.

"तुम्ही एकदा येऊन बघा," काकू म्हणायच्या.

"माझे बूट खराब होतात."

आणि एके दिवशी काकू भर दुपारी घरी आल्या त्या ओरखड्यांनी भरलेले हात घेऊन. मासेमारीच्या तुटक्या जाळ्यात अडकलेला बगळा सोडवायला त्या कमरेइतक्या पाण्यात उतरल्या होत्या. "उडाला हो!" एवढंच म्हणाल्या आणि पुढ्यातलं ताट तसंच ठेवून खुर्चीत झोपी गेल्या. झोपेतही हसत होत्या. काका बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर आपण नाही नाही त्या माणसांचे सत्कार केले, आणि जिचा करायला हवा ती आपल्याच घरात, चिखलाच्या पायांनी झोपली आहे!

ठरलं! काकूंचा आणि साऱ्या मंडळींचा जाहीर सत्कार. तोही गुपचूप ठरवलेला, कुणालाही आधी न सांगता. पाणीखात्याचे मोठे साहेब काकांच्या जुन्या ओळखीचे होते, ते पाहुणे म्हणून यायला एका फोनवर तयार झाले. आता प्रश्न जागेचा.

"शाळेचं सभागृह रिकामं आहे रविवारी," मंडपवाला म्हणाला.

"सभागृहात आळशी लोक कार्यक्रम करतात! आपला मंडप पाणथळीच्या काठावर. मागे पाणी, पाण्यावर पक्षी, पुढे पाहुणे. फोटो बघून लोक तोंडात बोट घालतील!"

मंडपवाल्याने काठावर पहिला खांब रोवला. खांब शांतपणे खाली गेला. त्याने वर ओढला, दुसरीकडे रोवला. तिथेही तेच.

"काका, जमीन ओली आहे. खांब धरणार नाही. पाहुणे तर त्याहून जड असतील."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर सांडव्यावर गेली. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

"ह्या वरच्या दोन फळ्या काढल्या, तर पाणी थोडं उतरेल. काठ वाळेल. कार्यक्रम झाला की फळ्या परत बसवू. पाणी काय, पुन्हा भरेल! ते का कुठे नोकरीला लागलंय?"

"पण काकूंना..."

"काकूंना कळता कामा नये! सगळी मजा त्यातच आहे!"

गुरुवारी दुपारी, मंडळी आपापल्या घरी असताना, दोघांनी फळ्या उपसल्या. काकांनी त्या जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणल्या आणि पलंगाखाली सरकवल्या. आता पाण्याला काकांचं नियोजन कुठे ठाऊक! वरच्या फळ्या गेल्यावर खालच्या सैल झाल्या, पाण्याच्या जोराने त्याही निसटल्या आणि ओढ्याने वाहत गेल्या. हे बघायला काका तिथे नव्हते. ते घरी भाषणाचा सराव करत होते.

शुक्रवारी सकाळी काकू घरी परतल्या त्या दार आपटूनच.

"अहो, फळ्या चोरल्या! पाणी पार तळाला गेलंय!"

"तळाला?" काकांचा आवाज चिरकला. "म्हणजे, फळ्या कोण चोरेल गं?"

"बिल्डर! दुसरं कोण? जागा कोरडी करायची आणि मग म्हणायचं, इथे पाणथळ नव्हतीच! मोठी टोळी आहे ही!"

"टोळी कशावरून? एखादाच असेल. साधा, सज्जन... हेतू चांगला असलेला..."

"तुम्ही त्याची बाजू का घेताय?"

काकांनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण मग सत्काराचं गुपित फुटणार! रविवारपर्यंतच तर कळ काढायची, एकदा सन्मानचिन्ह हातात पडलं की सगळं गोड होईल, असं त्यांनी मनाला समजावलं. काकूंनी त्या दिवशी फळ्या शोधत ओढ्याचा काठ पालथा घातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रात्री दमून त्या झोपल्या त्याच पलंगावर, आणि पलीकडच्या कुशीवर काका छताकडे बघत पडून राहिले.

शनिवारी मंडळींनी मातीची पोती रचून सांडवा बुजवला. दुपारी मंडपवाल्याची माणसं जागा मोजायला आली. 'सांडवा उघडा राहू द्या' ही काकांची ताकीद त्यांच्या डोक्यात पक्की होती. त्यांनी पोती उचलून बाजूला फेकली. संध्याकाळी काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता आर या पार! उद्या सकाळी मोर्चा! शिंपीमामा कापड देताहेत, फलक तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"मी?"

"मग काय बिल्डरला बोलावू लिहायला?"

आणि नियोजनकाकांनी स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत, सुंदर वळण देऊन लिहिलं: 'पाणीचोरा, तोंड दाखव!' काकू मागे उभ्या राहून म्हणाल्या, "चोरातला 'चो' जरा मोठा काढा."

"आणि बेटावर पाणकोंबडीचं घरटं आहे," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "पिल्लं कालपरवाच बाहेर आलीत. भोवती पाणी होतं म्हणून कुत्री जात नव्हती. आज आम्ही बेटाच्या पलीकडे, लव्हाळ्यांआड आळीपाळीने काठी घेऊन बसलो होतो, तिथून सांडवा दिसत नाही. पाणी नाही चढलं तर किती दिवस बसणार हो?"

हे मात्र काकांना ठाऊक नव्हतं. फोटोत पक्षी हवेत एवढंच त्यांनी धरलं होतं. पक्ष्यांची पोरंबाळं त्यांच्या नियोजनात कुठेच नव्हती.

रविवारी 'चक्कर मारून येतो' असं सांगून काका नवा कोट आणि चकचकीत बूट घालून निघाले. पहाटेच उभारलेला मंडप झकास दिसत होता! खांब ताठ, खुर्च्या रांगेत, मागे मोठा फलक, त्यावर कापड टाकलेलं. पाहुण्यांनी दोरी ओढायची आणि सत्काराची ओळ सगळ्यांना दिसायची, अशी योजना. फक्त मागचं दृश्य गायब होतं. जिथे चमचमणारं पाणी असायला हवं तिथे लांबच लांब काळा चिखल पसरला होता, आणि त्यात एक फुटकी बादली.

"काठ वाळवा म्हणालात," मंडपवाला खांदे उडवत म्हणाला. "वाळला."

मोठे साहेब आले. बसले. काकांना वाटलं, आता काकूंना फोन करून तातडीने बोलावून घ्यावं. तेवढ्यात पलीकडून घोषणाच ऐकू आल्या. झालं होतं असं की सकाळी पहाऱ्याला आलेल्या नर्सबाईंनी कोरड्या काठावर मंडप बघितला, झाकलेला फलक बघितला, कोटातला अनोळखी पाहुणा बघितला, आणि सगळ्यांना कळवलं: बिल्डरने आजच पायाभरणी ठेवली आहे!

"पाणीचोरा, तोंड दाखव!"

हातात काकांच्याच अक्षरातले फलक घेऊन मंडळी मंडपाला भिडली. साहेबांना चारी बाजूंनी घेराव!

"नाव काय तुमचं? कुठल्या कंपनीचे?" नर्सबाई.

"मी... मला सत्काराला बोलावलंय..."

"सत्कार! पाणी चोरून वर सत्कार!" शिंपीमामा गरजले. घाबरून साहेब खुर्चीत मागे रेलले. वरून वाळलेली जमीन आतून अजून ओलीच होती. खुर्चीचे मागचे पाय हळूहळू आत शिरू लागले आणि साहेबांची नजर आपोआप आकाशाकडे वळली.

काका खांबाआड उभे होते. काकूंनी आधी ओळखले ते बूट.

"अहो! तुम्ही? ह्या लोकांच्यात?"

काका खांबाआडून पुढे आले. भाषण पाठ होतं, पण त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"अगं, बिल्डर नाही कुणी. मीच आहे. सत्कार तुझाच होता. तुम्हा सगळ्यांचा. काठ वाळावा म्हणून मी फळ्या..."

"फळ्या कुठे आहेत?"

"आपल्या पलंगाखाली."

काकूंनी डोळे मिटले. त्या काय बोलल्या असत्या देव जाणे, पण त्याच वेळी शिंपीमामा ओरडले, "कुत्रं! बेटाकडे!"

पहाऱ्याची सगळी माणसं मंडपात घेराव घालत होती, आणि एक दांडगं कुत्रं मोकळ्या चिखलातून थेट घरट्याच्या दिशेने निघालं होतं. मंडळी वळेपर्यंत कुणीतरी सुटलंसुद्धा होतं. काका! हातात पाहुण्यांसाठी आणलेला पुष्पगुच्छ, अंगात नवा कोट, आणि तोंडाने अशी आरोळी की कचेरीतल्या कुणालाही ती खरी वाटली नसती. दहा पावलांवर एक बूट चिखलाने गिळला. पुढे दुसरा. काका गुडघ्यापर्यंत रुतले, तरी हातांनी चिखल उपसत पुढे सरकले, आणि बेटाच्या अलीकडे त्यांनी पुष्पगुच्छ नेम धरून फेकला. तो बसला कुत्र्याच्या नाकावर! कुत्रं भुंकलं, शिंकलं आणि शेपूट घालून पळालं.

लव्हाळ्यात चिवचिव झाली. पाणकोंबडीने मान बाहेर काढून काकांकडे पाहिलं. आभार वगैरे काही नव्हते त्या नजरेत.

"सगळी आहेत का गं पिल्लं?" काका तिथूनच ओरडले.

पाणकोंबडीमागून डोकावणारी पिल्लं काकूंनी काठावरूनच मोजली. "आहेत!" आणि तोंडावर पदर धरला. त्या रडताहेत की हसताहेत, हे काकांना एवढ्या लांबून कळेना.

मग कामाचा सपाटा सुरू झाला. नर्सबाई पलंगाखालच्या फळ्या घेऊन आल्या. वाहून गेलेल्यांच्या जागी मंडपवाल्याने व्यासपीठाच्या फळ्या दिल्या. मोठे साहेब खुर्चीतून उपसून काढल्यावर कोट काढून कामाला लागले, आणि खाचेत फळी कशी बसवायची ह्यावर शिंपीमामांची बोलणी खाऊ लागले. काकांना मात्र कुणी बाहेर काढलं नाही.

"राहू दे त्यांना तिथेच," काकू म्हणाल्या. "कुत्र्यांवर लक्ष राहील."

फळ्या बसल्या आणि ओढ्याचं पाणी साचायला लागलं. मग साहेबांनी दोरी ओढली. कापड पडलं. 'आमचं पाणी राखणाऱ्या आमच्या माणसांचा मनापासून सत्कार' हे वाचून मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"सत्कार पुष्कळ पाहिले," साहेब म्हणाले, "पण पाणथळीसाठी स्वतःचाच सत्कार उधळून लावणारी माणसं आज प्रथम बघितली. ह्यांना आणखी कसलं प्रमाणपत्र द्यायचं!"

टाळ्या कडाडल्या. काकूंनी सन्मानचिन्ह घेतलं, माइकसमोर गेल्या आणि चिखलाकडे तोंड करून म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा बूट खराब केले. मला सत्कार पोचला."

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात वर केला, तर तो कोपरापर्यंत काळा! तसाच पुसला.

आता पाणथळ पुन्हा भरली आहे. पिल्लं पोहतात. काका रोज सकाळी अनवाणी जातात, कचरा उपसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांडव्यावरच्या फळ्या दाखवतात. फळ्यांवरून आडवी लोखंडी पट्टी घातलेली आहे, आणि पट्टीला भलंमोठं कुलूप आहे. एक किल्ली काकूंकडे, दुसरी नर्सबाईंकडे.

"बघितलंत? ह्या पाणथळीच्या संरक्षणात माझाही वाटा आहे," काका छाती फुगवून सांगतात. "हे कुलूप केवळ माझ्यामुळे बसलं!"