पितळी ताटातली सहा काडतुसं

आमच्या मोठ्याबाबाच्या ओट्यावर चढायचं असेल तर आधी रिकामं व्हावं लागे. न्हाव्याने धोपटी ओतून दाखवायची. दूधवालीने दूध घातलं की लोटा उलटा धरायचा. मी लहानपणी बोरं खाऊन जात असे, तर मला तोंड उघडून जीभ बाहेर काढावी लागे. "काही नाही त्यात" असं नुसतं म्हणून चालत नसे. तो लगेच म्हणायचा, "सांगू नको, दखाड." दखाड म्हणजे दाखव. आमच्या रनाळ्यात सगळे अहिराणीच बोलतात, आणि वडीलधाऱ्यालाही अरेतुरेच करतात. म्हणून मीही त्याला 'तो' म्हणते. त्यात अनादर नाही.

एकदा माझ्या आत्येबहिणीला बघायला पाहुणे आले. मुलगा पंचविशीचा म्हणून सांगितलेला. मोठ्याबाबाने त्याची पिशवी ओट्यावर ओतायला लावली. आरसा निघाला, फणी निघाली आणि केस काळे करायची बाटली निघाली. पाहुणे पोह्यांना हात न लावता गेले. पोहे आम्ही खाल्ले. बहीण पुढे चांगल्या घरी पडली.

मोठाबाबा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. पलटणीत जमादार होता, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे गेला आणि डाव्या मनगटात गोळी घेऊन परत आला. त्या हाताची बोटं मिटत नसत. नुसता फळीसारखा हात. पलटण सोडताना गोऱ्या साहेबाने त्याला आपलं रिव्हॉल्वर बक्षीस दिलं, सरकारने परवाना दिला. ते रिव्हॉल्वर त्याने गावात कधी झाडलं नाही. पण रोज सकाळी रिकामं केलं आणि रोज सकाळी भरलं.

हा कार्यक्रम ओट्यावर व्हायचा. ऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी आलं की तो घोंगडी टाकायचा, पुढ्यात पितळी ताट ठेवायचा आणि हाक मारायचा, "चाल वं, सरकारी काम शे." शे म्हणजे आहे. मग मोठीमाय, त्याची बायको, हनुवटीपर्यंत पदर ओढून यायची आणि त्याच्या डाव्या अंगाला बसायची.

"नळी जमिनीकडे," तो म्हणे. ती दोन्ही हातांनी नळी धरी.

"बोट बाहेर." हे तो स्वतःलाच बजावी. चापावरचं बोट काढून लांब धरी.

"खोल." तो अंगठ्याने खटका दाबी, ती नळी खाली वाकवी. रिव्हॉल्वर गुडघ्यासारखं मधोमध मुडपे आणि सहा काडतुसं ताटात पडत. त्या खणखणाटावर आमच्या गल्लीतल्या बायका भाकरीचा तवा चुलीवर ठेवत.

मग मोजणी. तो म्हणे "एक", ती पदराआडून म्हणे "एक". मग पुसणी. जुन्या लुगड्याच्या फडक्याने ती एकेक काडतूस पुसून त्याच्या हातात देई. तो उन्हात धरून बघे आणि एखादं परत करी, "याले धूळ शे." ती पुन्हा पुसे. मी शेजारी बसून बघत असे. एकदा मी म्हटलं, "मोठीमाय, हे तर तू दोनदा पुसलं." ती हळूच म्हणाली, "गप बठ. तिसऱ्या डावले चांगलं चमकस."

सहा घरं भरली की तो म्हणे, "बंद." ती नळी वर उचली. खट्ट. झालं.

माझी आजी, म्हणजे मोठीमायची सासू, समोर जात्यापाशी बसून हे सगळं बघायची. त्या काळी सुनेने सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, शेजारी बसणं तर दूरच. पाणी द्यायचं तर तांब्या ठेवून मागे सरकायचं. पलटणीतून येऊन लग्न झाल्या झाल्या मोठ्याबाबाने हे काम काढलं, तेव्हा आजी म्हणालीच होती, "बायको कसाले पाहिजे? गडी शे ना घरमा."

"हत्यार परक्याना हातमा देता येस नही. हुकूम शे. आणि मले एकच हात, माय. रोज खाली नही करं तर सरकार परवाना लेई जाई."

आजी देवीला भ्यायची आणि सरकारला भ्यायची. ती जात्याकडे वळली. पण ऊन कडुलिंबावरून ओट्यावर आलं तरी काम संपेना, तेव्हा पीठ गोळा करता करता म्हणायची, "सरकारनं काम कितलं लांबं शे व माय."

पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट गावात अजून सांगतात. भर दुपारी ते कुत्रं गल्लीत शिरलं. सगळे दारं लावून ओरडायला लागले, "जमादार, पिस्तूल काढ!" मोठाबाबा म्हणाला, "रोजना नेम शे. पहिले खाली करसू, तपासू, मग भरसू. त्याले दोन हात लागतस. ती नदीवर गयी शे." असं म्हणून त्याने कोपऱ्यातली काठी उचलली आणि कुत्र्याला एका हाताने वेशीबाहेर हाकललं. लोक हसले. हसणारे सगळे माळ्यावर होते, हे मी बघितलं आहे.

आजी गेली. ओट्यावरचं काम तसंच चालू राहिलं. माझं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, मी परत रनाळ्याला आले. मला चौथीपर्यंत शिकवलेलं होतं, म्हणून भावकीतले सगळे कागद वाचायला माझ्याकडे येऊ लागले. पुढे एका चैत्रात मोठीमाय तापाने गेली. आठ दिवसांचं दुखणं.

तेराव्यानंतर ओट्यावर घोंगडी पडली नाही. ताट वाजलं नाही. मोठाबाबा सकाळी दार लावून आत बसायचा. बायकांच्या भाकरीला उशीर व्हायला लागला आणि लोकांनी आपसांत ठरवून टाकलं की आता त्याच्याने ते रिव्हॉल्वर उघडत नाही. बिचारा करील काय, एका हाताचा माणूस.

आमच्या पोलीस पाटलाला हेच हवं होतं. त्याच्याकडे दुनळी बंदूक होती, पण कमरेला लावायचं हत्यार नव्हतं, आणि गावात असा एकच परवाना होता. दुसरी लढाई सुरू होती, हत्यारांची तपासणी कडक झाली होती. जमादाराचा परवाना काढून आपल्याला द्यावा, असा पाटलाने अर्ज केला. एके दिवशी नंदुरबारच्या कचेरीतून कागद आला, तो मीच वाचला. 'इसम वृद्ध व एका हाताने अधू असून घरात मदतीस कोणी नाही. इसमाने हत्यार घेऊन समक्ष हजर राहावे व कोणाचीही मदत न घेता ते रिकामे करून व भरून दाखवावे. न जमल्यास हत्यार जमा करून परवाना रद्द करण्यात येईल.'

मी दोनदा वाचला. मोठाबाबा शेंगा सोलत होता. शेंग गुडघ्यात धरून सोलायचा.

"मी येते सोबत," मी म्हटलं. "मी नळी धरीन. मला पाठ आहे सगळं."

"कागदमा काय लिखेल शे? कोनीच मदत नही. तू नुसती बठ."

"आणि नाही जमलं तर?"

"शेंगा खा," तो म्हणाला.

त्याच्याजवळचं शेत वडिलांच्या वाट्यातलं होतं, घर भावकीचं होतं. स्वतःचं म्हणावं असं ते एक रिव्हॉल्वर. ते गेलं तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हा प्रश्न मला पडला होता. बैलगाडीत मी वाटभर त्याच्या त्या फळीसारख्या हाताकडे बघत होते. तो मात्र न्हाऊन, फेटा बांधून, धोतर नेहमीपेक्षा तंग नेसून बसला होता.

कचेरीत प्रांतसाहेब होते, तरुण, कोकणाकडचे. बाजूला कारकून. पाटील आधीच येऊन बसला होता, सोबत गावातले चार लोक तमाशा बघायला. पाटलाने आपली दुनळी भिंतीला टेकवून ठेवली होती.

"जमादार, सावकाश," पाटील म्हणाला. "आम्ही भाकरी बांधी लयेल शेत. संध्याकाळपावत थांबसू."

ते चार लोक हसले. कारकूनही हसला, मग साहेबांकडे बघून थांबला.

"जमेल म्हणता का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी सांगस नही. दखाडस."

तो बाकावर बसला. फेटा काढून मांडीवर उलटा ठेवला. उजव्या हातात रिव्हॉल्वर घेतलं, नळी जमिनीकडे, बोट बाहेर. अंगठ्याने खटका दाबला आणि नळी बाकाच्या कडेवर टेकवून खाली रेटली. मुडपली की. सहाच्या सहा फेट्यात. मग नळी दोन गुडघ्यांत दाबून धरली, फिरकीची घरं वर, आणि उजव्या हाताने काडतुसं भरायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पेरणीला बी सोडावं तशी. सहावं बसलं, नळी मांडीखाली दाबली आणि मूठ धरून वर उचलली. खट्ट.

मी मनात मोजत होते. साठपर्यंतसुद्धा पोचले नव्हते. मोठीमायसोबत ह्याला अर्धी सकाळ लागायची.

 साहेब खुर्चीत पुढे सरकले. "पुन्हा करा."

त्याने पुन्हा केलं. या वेळी करता करता साहेबांना शिकवतही होता. "धोतर सैल ऱ्हायनं तर नळी घसरस, साहेब. म्हणून तंग नेसानं. आणि काडतूस बघी भरानं नही. हात लावी भरानं." दुसऱ्या वेळी मी पन्नासपर्यंतच पोचले.

साहेब हसले आणि त्यांनी कारकुनाला कागद काढायला सांगितलं. मोठाबाबा फेटा बांधायला माझ्याकडे देऊन उठला आणि भिंतीकडे बघून थांबला. पाटलाच्या दुनळीची तोंडं नेमकी कारकुनाच्या पोटाकडे होती.

"पाटील, तुन्ही बंदूक भरेल शे का?"

"खाली शे. मी काय येडा शे का, कचेरीमा भरेल बंदूक लयासू?"

"सांगू नको, दखाड."

पाटलाने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "दाखवा की." पाटील उठला, बंदूक उचलली, मोडून उघडली. एक नळी रिकामी होती. दुसरीतून लाल काडतूस निसटलं, फरशीवर पडलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. कारकून खुर्चीवर चढला. शिकलेला माणूस इतक्या चपळाईने खुर्चीवर चढताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मोठाबाबा वाकला, काडतूस उचललं, उन्हाकडे धरून बघितलं आणि पाटलाच्या हातात दिलं. "याले धूळ शे," म्हणाला.

परवाना नवा झाला. पाटलाची दुनळी पुढची तपासणी होईपर्यंत कचेरीतच राहिली. बरोबर आलेले चार लोक परतीला आमच्या गाडीत बसायला लागले, मी त्यांना चालत यायला सांगितलं. भाकरी त्यांच्याकडे बांधलेली होतीच.

नंदुरबार मागे पडलं, दोन्ही बाजूंनी कपाशी लागली. मोठाबाबा ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घेत होता. मला राहवेना.

"हे एका हाताने कधी शिकलास?"

"बसराना दवाखानामा. तठे एक शीख व्हता, त्यानी शिकाडं. पंधरा दिनमा जमनं."

"म्हणजे लग्नाच्या आधी?"

"हां."

"मग इतकी वर्षं मोठीमायला घेऊन बसायचास ते?"

त्याने फेट्याचा शेव सावरला. मग म्हणाला, "तुन्ही आजी तिले मन्हाजोडे बठू देती का?"

"आजी जाऊन किती वर्षं झाली. त्यानंतर?"

"त्यानंतर तिले काय सांगतू? खोटं बोलनू म्हणतू?"

"आणि ते पिसाळलेलं कुत्रं आलं तेव्हा?"

"कुत्राले काठी पुरे व्हती."

मग आपणहून म्हणाला, "तिले मालूम नही पडनं. कधीच नही."

मी गोष्टी पोटात ठेवणारी बाई नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, धुळीचं सोंग तू एकटाच करत नव्हतास. तू परत न केलेली काडतुसंही ती पुसतच राहायची. मी हटकलं तर मला गप्प बसवलं. चकचकीत झालेलं पितळ कोणी उगाच पुन्हा पुन्हा पुसत नाही.

त्याने मला गाडी थांबवायला लावली. खाली उतरला, कपाशीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. मी बैलांना पाणी दाखवलं. परत चढून बसला तेव्हा डोळे लाल होते, पण त्या रस्त्याला धूळ फार, त्याचं काही सांगता येत नाही.

"कितला डाव पुसे?" त्याने विचारलं.

"प्रत्येक तीन-तीन डाव."

तो उजव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला लागला. रनाळ्याची वेस दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "अठरा. रोजना अठरा डाव." आणि कचेरीत हसला नव्हता तसा हसला.

दुसऱ्या दिवशी ऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी आलं आणि ओट्यावर ताट वाजलं. बायका तवे घेऊन धावल्या. मी बाहेर येऊन बघितलं. सगळ्या गल्लीसमोर तो एका हाताने रिव्हॉल्वर उघडून बसला होता. काडतुसं मांडीवरच्या लुगड्याच्या फडक्यावर घासून पुसत होता, प्रत्येक तीन वेळा. त्याला सकाळभर वेळ लागला.