गजभियेजींचं उद्घाटन

गजभियेजी कोणाच्याही लग्नात गेले की आधी खुर्ची उलटी करून तिचं वेल्डिंग बघतात. नवरा-नवरी नंतर. माझ्या पुतणीच्या रिसेप्शनला त्यांनी मंडपवाल्याला भर पंगतीत विचारलं, "यावर माणूस बसवून राहिले का चिमणी? ये कोई बात हुई?"

आमच्या हिंदी मुलखातल्या रांझीत, आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. कपाटं, पलंग, शाळेची बाकं बनवण्याचा मोठा कारखाना आहे, आणि इथल्या लहान कारखानदारांच्या संघाचे ते अध्यक्ष आहेत. विहारातली अभ्यासिका त्यांनी उभी केली, बस थांब्यांवर बाकं त्यांनीच बसवली. पण यातली एकही गोष्ट त्यांनी गोडीने दिलेली नाही. लोक दान हात जोडून देतात, हे भांडून देतात.

त्यांच्या रक्तदान शिबिरात एक तरणाताठा माणूस उपाशीपोटी आला, तर त्याला म्हणाले, "जेवला नाही? मग इथं काहून आला? मले बदनाम करायले?" आणि त्याच्यासमोर पोह्यांची बशी आपटून तो खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एकदा समाजाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल खांद्यावर पडताच माइकवरून विचारलं, "मे महिन्यात शाल? मले थंडी वाजून राहिली काय?"

मला त्यांचं हे वागणं आवडत नसे. चांगलं काम करताना कपाळाला आठ्या कशाला हव्यात, असं मी आमच्या ह्यांना नेहमी म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सरकारी दवाखान्यात होते. वॉर्डाबाहेर नातेवाइकांना बसायला काही नव्हतं. खेड्यांतून आलेल्या बाया तापलेल्या फरशीवर बसलेल्या, मीही त्यांच्यातच. गजभियेजी ह्यांना बघायला आले आणि मला खाली बसलेली पाहून जागीच थांबले.

"वहिनी, बाकं कुठं गेली? होळीच्या आधी ट्रकभर पाठवली ना मी."

बाकं स्टोअरला कुलपात होती. दवाखान्याच्या हेडक्लार्कने, म्हणजे बडे बाबूंनी, पान चघळत सांगितलं, "मंत्रीजी की तारीख नहीं मिली. उद्घाटन के बिना कैसे निकालें?"

मला वाटलं, आता दवाखाना हादरणार. पण गजभियेजींनी पांढऱ्या कडक सफारीची पँट गुडघ्यापाशी जराशी वर ओढली आणि बडे बाबूंच्या दारातच मांडी घालून बसले.

"सर, ये क्या कर रहे हैं?"

"तारखेची वाट पाहून राहिलो. तुमचं चालू द्या."

दारात एवढा मोठा माणूस फतकल मारून बसल्यावर आत-बाहेर जायचं कसं? फाइल घेऊन आलेला शिपाई तसाच परत गेला. त्यांना बघून एकेक बाई उठून त्यांच्या मागे येऊन बसली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "भैया, तुम्हारा कौन भर्ती है?"

"कोई नहीं, अम्मा."

"फिर इतना गुस्सा काहे को?"

म्हातारीने फडक्यातली अर्धी पोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

जेवणाच्या सुट्टीला बडे बाबूंना घरी जायचं होतं. दार अडलेलं. शेवटी किल्ली निघाली. पहिलं बाक बाहेर येताच गजभियेजींनी म्हातारीला हाताला धरून त्यावर बसवलं आणि बडे बाबूंकडे वळून म्हणाले, "झालं उद्घाटन. फोटो काढायचा असेल तर काढा."

त्यानंतर ह्यांना सुट्टी मिळेपर्यंत ते रोज संध्याकाळी येत. पंखा का फिरत नाही, चादर का मळली, सगळ्यांवर तोंड सोडत. घरीही त्यांनीच गाडीतून आणलं, वाटभर खड्ड्यांना आणि ह्यांच्या तेलकट खाण्याला शिव्या घालत. चहा झाला तरी उठेनात.

"वहिनी, उद्या पट्टी बदलायच्या वेळेला येऊ काय?"

"कंपाउंडर येणार आहे, भाऊजी. तुम्ही कशाला तसदी घेता?"

"त्याच्यावर नजर ठेवायले कोणी पाहिजे ना." त्यांनी रिकामा कप बशीत फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तसं नाही. घरी रागवायले कोणी नाही."

तेव्हा मला त्यांच्या पत्नी, सुशीलावहिनी आठवल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी हैदराबादला. "चहा थंड काहून?" असं गजभियेजी ओरडायचे आणि वहिनी त्याहून वरच्या पट्टीत, "मग गरम असताना कुठं होते?" गल्लीतले आम्ही सगळे हसायचो. ते घर कधी शांत झालं, आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी म्हटलं, "या. पण नऊला या. उशीर केला तर माझी बोलणी खावी लागतील."

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच मला खिडकीतून ते फाटकाशी दिसले. घड्याळ बघत उभे होते. नऊ वाजले तरी आत येईनात. चांगला उशीर झाल्याची खात्री करून घेतली आणि मगच त्यांनी कडी वाजवली.

मी दार उघडलं आणि मोठ्याने विचारलं, "एवढा उशीर काहून?"