स्वयंपाकघरातून सरळ जा

साहेबांनी सायकलवर टांग टाकली आणि नेमका तेव्हाच नकाशेवाल्याच्या खिशात बायकोचा फोन वाजला.

"अहो, आई आत्ताच फिरायला गेली. वाटेवर चिखल आहे म्हणून आजही मैत्रिणीच्या घरातूनच जाते म्हणाली."

"घरातून? म्हणजे?"

"मागच्या दारानं शिरायचं, पुढच्या दारानं निघायचं. तुमचा फोन घेऊन गेली होती ना, तेव्हाही तशीच गेली. का हो?"

नकाशेवाल्यानं फोन घाईघाईनं खिशात कोंबला. त्याची नोकरी अजून कच्ची होती. काम एवढंच, की लोक जिथे चालतातही आणि सायकलीही चालवतात अशा वाटा स्वतः पायी फिरून नोंदवायच्या. खिशातला फोन आपोआप मागे रेष ओढत जातो. पण या गड्याला चालायचं म्हटलं की अंगावर काटा. आणि सासूबाईंना तर डॉक्टरांनी रोज चालायलाच सांगितलेलं! त्यानं फोन त्यांच्या पिशवीत सोडला. "मी चाललो काय नि तुम्ही चाललात काय? फोन चालला म्हणजे माणूस चालला!"

रेष आली. मध्येच एका जागी तिचा हा एवढा गुंता झालेला. पठ्ठ्यानं सिग्नलला शिव्या घातल्या, गुंता पुसला, रेष सुतासारखी सरळ केली आणि वर शेरा मारला, 'सायकलला उत्तम'.

आज साहेब स्वतः त्या रेषेवरून सायकल हाकणार होते. रेष खरी निघाली तर नोकरी पक्की. नाही तर उद्यापासून घरी.

"साहेब, मी पुढे होतो. वाट दाखवतो."

"वाट तुम्हीच दाखवणार तर नकाशा कशाला? उद्या एखादा नवखा येईल, त्याच्यापुढे पळणार आहात का तुम्ही? आज फोनमधली बाई सांगेल तसं जायचं. माझ्या मागे या."

नकाशेवाला आपल्या सायकलवर मागे निघाला. बाईचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं घंटी बडवायला सुरुवात केली. साहेबांनी मागे वळून असं काही पाहिलं, की घंटी आपोआप गप्प झाली. मग त्यानं खाली उतरून मागच्या चाकाची हवा सोडली.

"साहेब! चाक बसलं माझं! आजचं राहू द्या."

"चालत या की. वाट चालणाऱ्यांचीही आहे ना?"

झालं! आता साहेब सायकलवर आणि हा सायकल ढकलत त्यांच्यामागे पळतोय. चिखल सुरू झाला तसे साहेब थांबले. याला वाटलं, सुटलो. पण साहेबांनी आईला फोन लावला.

"आई, पडून आहेस ना? उठू नकोस हं."

"कुठली उठतेय बाबा?" पलीकडून खोल गेलेला आवाज आला. "कूससुद्धा बदलवत नाही."

साहेबांनी उसासा टाकला. "वर्ष झालं, गुडघ्यांनी अंथरूण धरलंय तिनं. चला."

तेवढ्यात बाई बोलली, "वीस मीटरवर डावीकडे वळा."

वाट नाकासमोर सरळ गेली होती. डावीकडे एक लाकडी फाटक आणि मागे वाळत घातलेल्या चादरी.

"साहेब, बाई चुकली!"

"बाई चुकली की तुम्ही, तेच बघायला आलोय." साहेबांनी फाटक ढकललं, चादर बाजूला सारली. समोर एक उघडं दार.

"सरळ जा," बाई म्हणाली.

"साहेब, हे कुणाचं तरी घर आहे हो!"

"दिसतंय मला. सरळ म्हणजे कुठवर सरळ, ते बघू द्या."

आणि साहेब सायकलीसकट स्वयंपाकघरात शिरले.

टेबलावर पत्त्यांचा डाव रंगला होता. एका खुर्चीत घरमालकीण, दुसरीत सासूबाई. तिसऱ्या बाई स्टुलावर चढून, टाचा उंचावून, कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढत होत्या.

"अगंबाई, जावईबापू! या, बसा!" सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या बाईंनी वळून पाहिलं. वरून डबा पडला आणि खाली साहेबांची सायकल.

"आई?"

"सरळ जा," फोनमधली बाई म्हणाली.

"तुला तर उठवत नाही ना?"

"नाहीच उठवत! मी कुठे उठलेय? चढलेय!" आई कडाडल्या. "आणि तू रे? चिखलाची चाकं घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरात? हेच वळण लावलं का मी तुला?"

साहेब आधी लाल झाले, मग पांढरे पडले आणि शेवटी नकाशेवाल्याकडे वळले. "ही रेष इथून कशी गेली?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. नकाशेवाल्यानं डोळे मिटले.

"कशी म्हणजे?" साहेबांच्या आईच मध्ये पडल्या. "माणसं जिथून जातात तिथूनच काढलीय. तुझ्या ऑफिसात एवढा एकच खरं काम करणारा दिसतोय."

साहेबांनी बिस्किटांच्या चुऱ्यातून सायकल उचलली.

"रेष पुसा," ते शेवटी म्हणाले. "वाट चिखलातून काढा. पण वर्षभर मला जे सापडलं नाही, ते तुमच्या नकाशानं दाखवलं. तुमची नोकरी पक्की. आणि आई, स्टुलावर चढतेस ना? मग रोज संध्याकाळी वाटेनं चालायचं. तुझा फोन बरोबर ठेवायचा. मी ऑफिसात बसून नकाशावर बघणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलातली वाट नोंदवायला आलेल्या जावयाला सासूबाईंनी फाटकापाशी गाठलं. त्याच्या एका खिशात स्वतःचा फोन घातला, दुसऱ्यात साहेबांच्या आईचा.

"हे काय, सासूबाई?"

"फोन चालला म्हणजे माणूस चालला, जावईबापू. तुमचंच वाक्य. जा आता, डाव खोळंबलाय आमचा."

"अहो, पण..."

"सांगू का साहेबांना, त्या दिवशी कोण चाललं होतं?"

नकाशेवाला चिखलात उतरला. एकदाचं उरकावं म्हणून त्यानं झपाझप पाय उचलले. तोच त्याचा स्वतःचा फोन वाजला. साहेब होते.

"अहो, आई फारच जोरात चाललीय! तुम्ही त्या बाजूलाच आहात ना? जरा बघा बरं, धापा तर टाकत नाही ना?"

"टाकतेय, साहेब," नकाशेवाला धापा टाकत म्हणाला.